डावं पान, उजवं पान

पहाटे 5:10

भिंतीपलीकडे आपाच्या मोबाइलवर अजान होते, म्हणून मला गजर लावावा लागत नाही. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एका विटेची भिंत आहे. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येतात, माझ्या देवघरातली घंटा तिला ऐकू जाते. पूर्वी मशिदीच्या भोंग्यानं अख्खी गल्ली जागी व्हायची. यंदा मुंबईतल्या प्रार्थनास्थळांवरचे मिळून 1,600 च्या वर भोंगे उतरले, तेव्हापासून अजान ॲपवर येते. ही गोष्ट संध्याकाळी कामाला येणार आहे.

आज शनिवार, 6 सप्टेंबर 2025. अनंत चतुर्दशी. काल ईद-ए-मिलाद झाली, पण फक्त तारखेनं. जुलूस निघालेला नाही. विसर्जनाची गर्दी आणि जुलूसची गर्दी एका रस्त्यावर नको, म्हणून मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी जुलूस सोमवारी, 8 तारखेला काढायचं ठरवलं. सरकारनं शहरातली सुट्टीही सोमवारवर नेली.

मी धारावीत जन्मले, इथल्याच पालिकेच्या शाळेत शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वस्तीत अजून सगळे 'टीचर' म्हणतात. 1994 पासून मोहल्ला कमिटीचं काम करते. या कामाला पगार नाही. एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची लाँगबुक. आता अकरावी चालू आहे. डाव्या पानावर कुणी काय सोडलं ते लिहायचं, उजव्या पानावर त्या बदल्यात त्यांना काय मिळालं ते. कुणी दुसऱ्यासाठी मांडव चार फूट आत घेतला, कुणी लग्नाची वरात दुसऱ्या गल्लीनं नेली, सगळं. दोन्ही पानं सारखी भरलेली असली की मला रात्री झोप लागते.

तीन वर्षांपासून डावं पान एकाच बाजूनं भरत चाललंय. 2023 ला ईद आणि अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, जुलूस 29 ला गेला. 2024 ला ईद 16 ला होती, जुलूस 18 ला निघाला. यंदा 5 ऐवजी 8. म्हणजे एक दिवस, मग दोन दिवस, आता तीन दिवस.

पहाटे 5:45

आपा नमाज उरकून येते. आम्ही दोघी टॉर्च, खडू आणि एक बांबू घेऊन मिरवणुकीचा रस्ता चालायला निघतो. रात्रभर पाऊस भुरभुरलाय, रस्ता ओला आहे. बांबूवर बारा, चौदा आणि सोळा फुटांवर तीन रंगांच्या चिंध्या बांधल्यात. लोंबणारी वायर, केबल, दोरीवरचे झेंडे, कुणाच्या पत्र्याची पुढं आलेली कड, जे जे चिंधीला लागेल त्याच्या खाली खडूनं फुली मारायची आणि वहीत लिहायचं. गणपती जाताना मूर्तीला काय लागेल, सोमवारी जुलूस जाताना ट्रकवर उभ्या पोरांच्या डोक्याला काय लागेल, दोन्ही एकाच फेरीत बघून होतं. आज अकरा फुल्या पडल्या.

कोपऱ्यावरच्या मंडळाची स्वागत कमान पाहून आपा थबकली. लोखंडी पाइपांची, वरून फ्लेक्स लावलेली. बांबू लावला तर कमान चौदाच्या चिंधीखाली. मंडळाचा गणपती तेवढा उंच नाही, तो खालून आरामात जाईल. सोमवारचा ट्रक झेंड्यांसकट जाणार नाही.

"ये मंगल तक नहीं निकालते, टीचर," आपा म्हणाली. "हर साल मांडववाला मंगल को आता है."

वहीत कमानीखाली दोन रेघा ओढल्या.

पुढं गटाराचं काम चालू आहे, तिथं तोडलेल्या फरशीचा आणि विटांचा ढीग पडलाय. या ढिगासाठी मला थांबावंच लागतं. मिरवणुकीच्या रस्त्यावरचं डेब्रिज आधी उचला, हे मोहल्ला कमिटीत मी पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट. घरून दगड घेऊन निघणारा माणूस क्वचित भेटतो. धक्काबुक्की झाली, कुणाच्या तोंडून शिवी गेली, हात खाली गेला आणि हाताला दगड लागला, की पुढचं सगळं घडतं. हाताला काही लागलं नाही तर शिवी शिवीच राहते. मोठ्या दगडाची मला भीती नाही, तो कुणाला उचलतच नाही. मुठीत मावेल एवढा तुकडा घातक.

वॉर्डाच्या गाड्या आज विसर्जनाच्या कामाला लागल्यात. म्हणून साडेसहाला दोन्ही गल्ल्यांतली नऊ पोरं उठवली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दिल्या आणि सांगितलं, मुठीत मावेल तेवढंच भरा. एक पोरगा प्रत्येक तुकडा मुठीत धरून बघत होता, मावला तर गोणीत, नाही तर ढिगावर परत. सत्तावीस गोण्या भरल्या. त्या सोडावाल्या चाचांच्या दुकानामागं रचल्या. चाचांनी स्वतःहून रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आत घेतले आणि शटरला कुलूप लावलं. त्यांना हे सांगावं लागत नाही. जानेवारी 1993 मध्ये त्यांच्याच दुकानातल्या बाटल्या रस्त्यावर फुटल्या होत्या.

सकाळी 8:30

चहा घेत मोबाइल बघते. चोवीस ग्रुप आहेत. परवापासून एकच मेसेज फिरतोय. मुंबईच्या वाहतूक पोलिसांच्या हेल्पलाइनवर धमकी आली होती, की 34 गाड्यांत 34 मानवी बॉम्ब आणि 400 किलो आरडीएक्स ठेवलंय. विसर्जनाच्या तोंडावर. काल दिवसभर आमच्या गल्लीत याशिवाय विषय नव्हता. 'त्यांच्या' वस्तीत कुठली गाडी उभी आहे, कुणाची आहे, किती दिवसांपासून आहे, अशा चौकशा सुरू झाल्या होत्या.

आज बातमी आली की नोएडातून एकाला पकडलं. जुन्या मित्राला अडकवायचं म्हणून त्यानं त्या मित्राच्या नावानं मेसेज पाठवला होता. मित्र मुसलमान, पाठवणारा हिंदू. मी बातमी चोवीसही ग्रुपवर टाकली. नावं टाकली नाहीत, 'बघा, हिंदूच निघाला' असंही लिहिलं नाही. तसं लिहिलं की विझत आलेल्या शेगडीला आपणच फुंकर घातल्यासारखं होतं. 'धमकी खोटी होती, माणूस सापडला, गाड्या नीट पार्क करा' एवढंच लिहिलं.

अफवेच्या बाबतीत मी दुसऱ्या कुणाला शहाणपण शिकवत नाही. जानेवारी 1993 मध्ये मी एकोणतीस वर्षांची होते, शिकलेली होते, शाळेत शिकवत होते. संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की समुद्रातून होड्यांनी हत्यारबंद लोक उतरताहेत. तेव्हा सगळ्या मुंबईत हे पसरलं होतं, किनाऱ्यावर लोक मोटारींचे दिवे लावून पहारा देत होते. मी स्वतः आमच्या चाळीतली सहा दारं वाजवून ते सांगितलं. काळजीनंच सांगितलं. त्या रात्री आमची पोरं सळया घेऊन नाक्यावर उभी राहिली आणि पहाटे एका पाववाल्याची सायकल अडवली. तो जगला. त्याचा डावा हात पुन्हा सरळ झाला नाही. त्याला मारणाऱ्यांत माझा हात नव्हता, पण सहा दारं मी वाजवली होती.

सकाळी 10:30

पोलीस ठाण्यात पॉइंट वाटप. सिनियर साहेब नवे आहेत, एप्रिलमध्ये आलेत. नकाशावर बोट ठेवून विचारतात, "टीचर, हा कोपरा दरवर्षी लाल का केलेला असतो?" मी सांगते. मंडळांच्या काही जुन्या कार्यकर्त्यांना प्रतिबंधात्मक नोटिसा गेल्यात. नव्या कायद्यात त्या कलमाचा आकडा 168 झालाय, वस्तीत मात्र अजून '149 आली का रे?' असंच विचारतात. नोटीस आली की पोरगा ती मित्रांना मिरवत दाखवतो. साहेबांना मी दोन नावं सुचवली, यांना नोटीस नको, यांना स्वयंसेवकाचं कार्ड द्या. गळ्यात कार्ड अडकलं की तोच पोरगा दुसऱ्यांना आवरायला लागतो. साहेबांनी एकाला कार्ड दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. त्यांचंही खरं असेल.

शांतता कमिटी आणि मोहल्ला कमिटी यांत लोकांची गल्लत होते. शांतता कमिटी सणाच्या आधी बसते, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. मोहल्ला कमिटी वर्षभराचं काम. भिवंडीत 1970 आणि 1984 च्या दंगलींनंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत दोन्ही समाजांची माणसं एकत्र बसवायला सुरुवात केली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबानं 900 माणसं गेली. भिवंडी तेव्हा शांत राहिली. मग मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली. आमच्या धारावीत 6 डिसेंबर 1992 ला बाबरी पडल्याच्या आनंदात सायकल रॅली निघाली होती आणि काळा किल्ल्याजवळ तिची सभा झाली होती. पुढं इथं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नंतर याच वस्तीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी लहान पोरांना चार धर्मांचे वेश चढवून 'हम सब एक हैं'चं पोस्टर काढलं, ते पुष्कळ ठिकाणी लागलं.

पण भिवंडीचं पुढचंही सांगायला हवं. 2006 च्या जुलैत तिथं कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, गोळीबारात दोन तरुण गेले आणि जमावानं दोन पोलीस मारले. एकदा राखलेली शांतता ठेवीसारखी बँकेत पडून राहत नाही. नळावरची भांडणं, शाळेतला प्रवेश, कुणाच्या मयताला उभं राहणं, क्रिकेटची मॅच, हे सगळं चालू असेल तरच ठाण्याच्या नकाशावरच्या लाल कोपऱ्याला अर्थ राहतो. ते थांबलं की नकाशा फक्त पोलिसांचा होतो.

दुपारी 1:15

वरण-भात. पाय वर करून वीस मिनिटं पडले. आपाच्या सुनेनं शीरखुर्म्याचा डबा आणून ठेवला, कालच्या ईदचा. रात्री घरी आल्यावर खाईन.

दुपारी 3:00

मंडळाची शेवटची आरती. मांडवात उदबत्तीचा धूर, बाहेर ढोल-ताशा पथकाची पोरं दोऱ्या ताणताहेत. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. माझ्याच वर्गात होते ते, चौथीत. प्रसादाचा नारळ हातात घेऊनच मी कमानीचं काढलं.

"दादा, कमान उद्या रात्रीपर्यंत उतरवायची."

"टीचर, मांडववाला मंगळवारशिवाय येत नाही. त्याचे निम्मे पैसे अजून द्यायचेत."

"सोमवारी जुलूस आहे. ट्रक अडकेल."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आमची कमान त्यांच्यासाठी काढली, असं पोरं म्हणतील."

मी वही उघडली. डाव्या पानावरच्या तीन ओळी त्यांच्यापुढं धरल्या. 1 दिवस, 2 दिवस, 3 दिवस. उजवं पान कोरं. त्यांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं आणि आरतीला गेले.

या तीन ओळींबद्दल मला जे वाटतं ते लिहूनच टाकते. मुस्लिम समाजानं जुलूस पुढं नेला त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, पेपरांत छापून आलं. पण आपाचा नातू सतरा वर्षांचा आहे. तो मला विचारतो, "हमारी ही तारीख क्यों खिसकती है?" त्याला 'तुम्ही समजूतदार आहात' हे उत्तर तीनदा देऊन झालंय. चौथ्यांदा ते उत्तर त्याला अपमानासारखं लागेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. एकानं सोडत राहायचं आणि दुसऱ्यानं टाळ्या वाजवायच्या, अशी शांतता उधारीवर चालते. आणि उधारी फेडायला हाच मोसम आहे. दोन्ही सण चंद्रावर चालतात. रबीउल अव्वलची बारावी आणि भाद्रपदाची शुद्ध चतुर्दशी, दोन्हींना आकाशात जवळपास सारखाच चंद्र असतो. आपल्याकडं अधिक मास घालून वर्ष ऋतूंना बांधून ठेवतात, हिजरी वर्ष दर साल दहा-अकरा दिवस मागं सरकत जातं. त्यामुळं साधारण तेहेतीस वर्षांनी हे दोन सण दोन-तीन वर्षं लागून येतात आणि मग सुटतात. 1992 च्या सप्टेंबरातही ते असेच लागून आले होते. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. ईद ऑगस्टअखेर असेल, गणपती सप्टेंबरच्या मध्यावर बसतील. गाठ सुटेल आणि कुणी कुणासाठी काय सोडलं होतं ते बघताबघता विसरलं जाईल. सतरा वर्षांचा पोरगा मात्र विसरणार नाही.

संध्याकाळी 4:50

मिरवणूक निघून वीस मिनिटं झाली आणि ग्रुपवर आवाजातला मेसेज आला. 'गणपतीचा हात तोडला. चामडा बाजारच्या पोरांनी तोडला. सगळ्यांनी या.' बारा सेकंदांचा मेसेज. मी पोचेपर्यंत तो सात ग्रुपवर गेला होता.

मूर्तीचा उजवा हात मनगटाशी दुभंगला होता, आतला काथ्या दिसत होता. वर केबल झुलत होती. खाली रस्त्यावर खडूची फुली होती. आमचीच, सकाळची, सातवी. बाकीच्या वायरी उचलून बांधल्या होत्या, सातव्या फुलीच्या केबलवाल्याला फोन करायचा माझ्याकडून राहिला. वहीत लिहून ठेवलं आणि ठाण्यात गेले, तिथं दुसऱ्याच गोष्टी निघाल्या. एका फोनची ही चूक, आणि तिच्यापायी दोनशे माणसं रस्त्यात उभी, कुणी मूर्तीकडं बघतंय, कुणी पलीकडच्या गल्लीकडं.

अशा वेळी माझा आवाज चालत नाही. मी 'अफवा आहे' असं लिहिलं तर लोक म्हणतात, टीचर नेहमी असंच म्हणतात. ज्याची मूर्ती त्याचाच आवाज लागतो. दादांना बाजूला घेतलं, त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. ते हुंदका आवरत बोलले, "मी अध्यक्ष बोलतोय. आपल्या बाप्पाच्या हाताला केबल लागली. कुणी काही केलेलं नाही. मी समोर होतो. कुणीही येऊ नका, मिरवणूक चालू आहे." चौदा सेकंद. अफवेचा मेसेज ज्या सात ग्रुपवर गेला होता तिथं हा आधी टाकला, मग बाकीच्या ग्रुपवर. व्हॉट्सॲपवर खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं ढकलता येतो, 2020 पासून. नवा मेसेज मात्र एकदम पाच ठिकाणी जातो. खरं बोलणाऱ्याला मिळालेला तेवढाच फायदा, तो घ्यायचा.

मूर्तिकाराला बोलावलं. ओल्या कापडानं हात बांधला, वर हार घातला. यात पाऊण तास गेला. आणि म्हणून मिरवणूक नको त्या वेळी मशिदीच्या कोपऱ्यावर पोचली.

संध्याकाळी 6:38

मगरिब 6:48 ला. सूर्य मावळला की लगेच नमाज उभी राहते, बाकीच्या नमाजांसारखी मागं-पुढं होत नाही. ठरलं होतं ते असं, की साडेसहाच्या आत कोपरा ओलांडायचा, नाही तर अलीकडं लाकडाच्या वखारीपाशी सातपर्यंत थांबायचं. पूर्वी भोंग्यावरून अजान ऐकू यायची आणि ढोलवाल्यांचे हात आपोआप हलके पडायचे. आता काही ऐकू येत नाही. पथकात बाहेरगावची पोरं असतात, त्यांना मशीद कुठंय हेही ठाऊक नसतं. म्हणून वेळा कागदावर लिहून पथकप्रमुखाच्या कमरेला बांधलेल्या पाकिटात घालून ठेवल्या होत्या. आवाज गेला तर त्याच्या जागी कुणीतरी माणूस उभं करावं लागतं. आज ते माणूस म्हणजे मी आणि आपा, लाल झेंडी धरून वखारीच्या दारात.

"पंधरा मिनिटं थांबायचं," मी म्हटलं.

ताशावाला पोरगा घामानं निथळत होता. "आधीच एक तास गेला, टीचर. आम्हीच का थांबायचं दरवेळी?"

मी उत्तर द्यायच्या आत दादा बोलले. "ते तीन दिवस थांबलेत. तू पंधरा मिनिटं थांब." त्यांनी वहीचं नाव घेतलं नाही.

ढोल थांबले. दीड तास कान बधिर करणारा आवाज एकदम थांबला की रस्त्यातले छोटे आवाज मोठे होतात. जनरेटरची घरघर. ताशाच्या कातड्यावर पडणारे पावसाचे थेंब, टप्, टप्. पोरांनी ढोल खाली ठेवले नाहीत, ढोल जमिनीवर टेकवत नाहीत म्हणून कमरेवरच पेलून उभी राहिली, तळहात कातड्यावर दाबून, जणू आतला आवाज बाहेर पडेल. गणपती ओल्या कापडाचा हात घेऊन मध्ये. नमाजाला येणारी माणसं ट्रॉलीच्या कडेनं एकेक करून जात होती. एक म्हातारा गणपतीच्या चाकाला हात टेकून चिखल ओलांडून गेला.

त्यातच एकानं मागून गुलाल उधळला. त्याला थांबल्याचं कळलंच नव्हतं. मूठभर गुलाल एका तरुणाच्या पांढऱ्या कुर्त्यावर, छातीवर. इस्त्रीचा कुर्ता, कालच्या ईदचा असेल. तो जागच्या जागी थांबला. त्याच्या मागचे चौघे थांबले. माझ्या पोटात खड्डा पडला. दादा गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढं गेले, दोन्ही हात जोडले, काही बोलले नाहीत. त्या तरुणानं कुर्ता झटकला, गुलाल आणखीच पसरला. त्यानं घड्याळ बघितलं, म्हणाला, "नमाज का टाइम है," आणि आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर माफी नव्हती, राग गिळलेला होता. वहीत मी ते डाव्या पानावर लिहिलं. एक कुर्ता.

7:02 ला नमाजी बाहेर पडले. त्यांच्यातल्या पोरांनी दोरी धरून रस्ता मोकळा केला, पाण्याचे जार आणले. पथक कोपरा ओलांडून पन्नास पावलं शांत चाललं, ठरल्याप्रमाणं. मग ताशा कडाडला.

रात्री 9:40

मूर्ती समुद्राकडं गेली. सहा फुटांपेक्षा मोठी, म्हणून समुद्रात. छोट्या मूर्तींना यंदा कृत्रिम तलावच आहेत. मी वस्तीत थांबते. विसर्जनाच्या रात्री परतीची वाट जास्त जपावी लागते. जाताना बाप्पा सोबत असतो, येताना पोरं रिकाम्या हातांनी येतात, दमलेली, काहींच्या पोटात दारू. रात्री बारापर्यंत वाद्यांना परवानगी आहे. आपा आणि मी सोडावाल्या चाचांच्या बाकावर बसतो. चहा येतो, जातो. तिचा नातू येऊन म्हणतो, "कुर्तेवाला मेरा दोस्त है. बहुत भडका हुआ है." आपा त्याला म्हणते, उसको कल घर ले आ, खाने पे. मी म्हणते, मलाही बोलव.

रात्री 12:30

दादा आणि बारा-पंधरा पोरं परतली, ओलीचिंब. घरी जायचं सोडून कमानीखाली उभी राहिली. दादांनी वर बघितलं आणि म्हणाले, "पाना आणा रे."

शिडी आली. फ्लेक्स उतरवला, गुंडाळला. खालचे बोल्ट सुटले, वरचे गंजलेले, सुटेनात. आपाचा नातू धावत जाऊन गॅरेजमधून तेराचा आणि सतराचा पाना घेऊन आला. त्यानं दिलेला पाना ताशावाल्या पोरानं शिडीवरून हात लांब करून घेतला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. "अजून एक" आणि "ये ले" एवढंच. शेवटचा बोल्ट जाम होता. मांडवातल्या समईत तेल उरलं होतं, ते वाटीत काढून वर दिलं. पोरानं बोटानं आट्यांवर तेल सोडलं, थांबला, पुन्हा पाना लावला. कर्रकन् आवाज झाला. वरचा पाइप सहा हातांनी खाली घेतला.

पाइप मांडवाच्या मागं रचले. मांडववाला मंगळवारी येईल तेव्हा न्यायचे.

घरी आले. शीरखुर्मा गार झाला होता, तसाच खाल्ला. वही उघडून उजव्या पानावर लिहिलं, कमान उतरवली, रविवार, रात्री 1:25. खाली बावीस ओळी कोऱ्या आहेत. सकाळी केबलवाल्याला फोन.